रंगनाथ मास्तरांचा धबधबा

धबधबा बघायला पाच-सहा तासांचा प्रवास करून जाणारा, आणखी दीड तास जंगलातून चालणारा आणि पोचल्यावर धबधब्याकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, रंगनाथ मास्तर.

पहिल्या वर्षी मला वाटलं, दमलेत, घटकाभरात वळतील. वळले नाहीत. मागे पाणी पडतंय, तुषार पाठीवर येतायत, इस्त्रीचा शर्ट ओला होतोय आणि मास्तर समोरच्या उतारावर नजर लावून बसलेत. शेवटी मी म्हटलं, "मास्तर, धबधबा इकडं आहे."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "आवाज येतोय की."

भिंगारला आमच्या गल्लीत 'मास्तर' अशी हाक आली की दोन माणसं वळून बघायची. एक मी, शाळेत गणित शिकवणारा. दुसरे ते, टेलर मास्तर. घोटाळा नको म्हणून गल्लीनं मला 'सर' करून टाकलं आणि मास्तरपद त्यांच्याकडेच ठेवलं. ते बरोबरच होतं. ते माझ्यापेक्षा फार आधीपासून मास्तर होते, आणि शिस्तीलाही माझ्यापेक्षा कडक.

मूळचे काष्टीचे. सगळी नोकरी लष्कराच्या शिवणखात्यात, सिव्हिलियन म्हणून. आयुष्यभर गणवेश शिवले, अंगावर एकही चढवला नाही. पण ऐट अशी की एखाद्या सुभेदारानं आधी सलाम ठोकावा. कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी पांढरा शर्ट, बाहीला धार लागेल अशी इस्त्री. निवृत्त झाल्यावर दाराशी मशीन टाकून बसले होते. ते शिवण्यासाठी की येणाऱ्याजाणाऱ्याला नजरेनं मोजण्यासाठी, हे सांगणं कठीण.

माणसं त्यांना नावानं आठवायची नाहीत, मापानं आठवायची. "काल तुमच्याकडं ते बेचाळीसवाले आलते," असं ते एकदा माझ्या बायकोला म्हणाले. तिनं दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, तिचा भाऊ येऊन गेला होता. त्याच्या छातीचं माप बेचाळीस. त्या भावाला आम्ही आजही घरात बेचाळीसवाले म्हणतो.

मला म्हणाले, "सर, तुमचा डावा खांदा पाऊण इंच खाली हाय. पिशवी त्याच खांद्याला अडकवता म्हणून." मी घाबरून खांदा बदलला. सहा महिन्यांनी मला थांबवून नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "आता उजवा उतरला."

गल्लीतल्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. अंतरपाट धरलेला, लोक हातात अक्षता घेऊन उभे. मास्तर तरातरा चढले मंचावर. वाटलं, आशीर्वाद द्यायला चाललेत, पण जरा लवकर. त्यांनी खिशातून दोरा ओवलेली सुई काढली आणि नवरदेवाच्या शेरवानीचा गळा जागच्या जागी टाचायला घेतला. भटजी मंगलाष्टक अर्ध्यावर तोडून बघत राहिले. मास्तरांनी दातानं दोरा तोडला आणि खाली उतरताना एवढंच म्हणाले, "फोटो जल्मभर ऱ्हातो. चालू द्या."

आणि त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य: "कारण विचारायचं न्हाई." मंगळवारी कापड बेतायचं नाही, कारण विचारायचं नाही. चहा स्वतःच्या स्टीलच्या पेल्याशिवाय प्यायचा नाही, कारण विचारायचं नाही. माझ्या मुलीसाठी फ्रॉकचं कापड घेऊन गेलो, तर त्यांनी ते हातात घेतलं, बोटांनी चाचपलं आणि घडी करून परत दिलं. "ल्हान पोरींचे फ्राक मी शिवत न्हाई."

"का हो?"

उत्तर ठरलेलं.

आम्ही शेजारी राहायला आलो त्या वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. "रैवारी मोकळे हाय का?"

"आहे. का?"

"धबधब्याला जायचंय. अकोल्याच्या पल्याड, जंगलात. दर वर्षी एकटा जातो. अवंदा गुडघा कुरकुरतोय. घसरलो तर उचलायला कुणीतरी पायजे."

"पण मास्तर, मीच का?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी कमी बोलता."

पहाटेची एसटी धरून आम्ही संगमनेरमार्गे अकोल्याला गेलो आणि तिथून जीपनं डोंगरात. पाऊस सरलेला. भातखाचरं पिवळी पडू लागलेली, उतारांवर सोनकीची फुलं अजून टिकून होती. पावसाळ्यात या वाटेवर म्हणे मुंग्यांसारखी माणसं असतात. आता एक चिटपाखरू नव्हतं. कमरेएवढ्या गवतातून मास्तर पुढे चालले होते. पांढराशुभ्र शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि काखेत एक कापडी पिशवी. मी म्हटलं, "द्या, मी घेतो." त्यांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली.

पोचलो तेव्हा धबधब्याचा पावसाळी जोर गेला होता. उंच कड्यावरून पांढरी एक धार खाली येत होती आणि खालचं पाणी इतकं निवळलं होतं की तळाची वाळू दिसावी. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. मास्तर मात्र एका मोठ्या धोंड्यावर जाऊन बसले, तोंड विरुद्ध बाजूला. ओढ्यापलीकडच्या उतारावर एक छोटी वाडी होती आणि वाडीच्या अलीकडच्या टोकाला वनखात्याचं एक क्वार्टर. पत्र्याचं छप्पर, हिरवं दार, पुढे अंगण. अंगणात एक बाई जा-ये करत होती. एक लहान मुलगी खेळत होती. यात बघण्यासारखं काय, ते मला कळेना.

भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथंच खाल्ली. मास्तर डोळे बारीक करून मधूनच पुटपुटायचे, "कडीच्या खाली चार बोटं." मग खिशातून कपड्यावर खुणा करायचा खडू काढून धोंड्यावर काहीतरी आकडा टाकायचे. ऊन कलायला लागलं तसे उठले. आकडा हातानं पुसला. "चला. झालं." पिशवी जशी नेली होती तशी परत आली.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती चटकन म्हणाली, "तिकडं त्यांची वैशाली असते ना?"

गल्लीला सगळं माहीत होतं, मी सोडून. मास्तरांची बायको गेली तेव्हा वैशाली दुसरीत होती. त्यांना दुसरं मूल नाही. त्या माणसानं पोरीला एकट्यानं वाढवलं. वेण्या घालायला शिकले आणि दोन्ही वेण्या टेपनं मोजून सारख्या करून मगच तिला शाळेत सोडायचे. तिच्या अंगावर दुकानातला कपडा कुणी कधी पाहिला नाही. पुढे कॉलेजात तिची एका मुलाशी ओळख झाली. अकोले तालुक्यातल्या डोंगरातला, वनरक्षकाच्या नोकरीला लागलेला. मुलगा चांगला, पण जातीतला नव्हता. मास्तर भडकले. दारात उभं राहून म्हणाले, "गेलीस तर हा उंबरा परत चढायचा न्हाई. मीबी तुझा चढणार न्हाई." वैशाली त्यांचीच मुलगी. ती म्हणाली, "बरं." आणि गेली. दोघांनीही शब्द पाळला. त्यांनी तिचा नंबर मोबाईलमधून काढून टाकला, पुढे तिनंही नंबर बदलला.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो. आता मला अंगणातली बाई कोण, ते कळत होतं. पण मी कमी बोलतो म्हणूनच त्यांनी मला नेलं होतं, तेव्हा बोललो नाही. ती मुलगी वर्षभरात चांगलीच वाढली होती. लाल काहीतरी घालून ती अंगणात दिवसभर बसून होती. ती उठून दारापुढं उभी राहिली तेव्हा मास्तर म्हणाले, "कडीच्या वर गेली." आणि बराच वेळ त्यांनी डोळ्याची पापणी लववली नाही.

हे झालं मागचं. यंदाच्या दसऱ्यानंतर आम्ही तिसऱ्यांदा निघालो, तेव्हा मास्तरांची पिशवी फुगलेली होती. संगमनेर मागे पडल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली आणि नाडी सोडली.

आत फ्रॉक होते. पाच. पहिला इतका छोटा की माझ्या दोन तळव्यांत मावला असता. गळ्याला बारीक जाळीकाम, पाठीला शिंपल्याची बटणं. मग एकेक मोठा होत गेलेला.

"दर सालाला एक," मास्तर म्हणाले. "लांबून बघून शिवलेत. देईन म्हणून नेतो अन् तसाच परत आणतो. ट्रंकेत ठेवतो."



"नातीचं नाव म्हाईत न्हाई मला, सर. माप म्हाईत हाय." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "अवंदा जाणार हाय मी. खाली उतरून, ओढा वलांडून जाणार. लई झालं. तिनं हाकलून दिलं तर देऊ दे. तुमी फक्त माझ्या मागं उभे ऱ्हा. मी माघारी वळलो तर वाट आडवा."

धोंड्यावर पोचल्यावर मास्तरांनी शर्टाची बाही सारखी केली, तोंड धुतलं, रुमालानं पुसलं आणि मगच समोर पाहिलं.

अंगण रिकामं होतं. दाराला कुलूप दिसत होतं.

"बाजाराला गेले असतील," मी म्हटलं.

अर्धा तास गेला. तासभर गेला. अंगणात गवत वाढलेलं होतं, ते मला उशिरा दिसलं. मास्तरांना बहुधा आल्या आल्याच दिसलं असावं. ते उठले आणि ओढ्याकडे उतरू लागले. गुडघ्याचं त्यांना भान नव्हतं. पाण्यातून बुटासकट गेले.

आम्ही अंगणात उभे होतो, तेव्हा शेजारच्या घरातून एक म्हातारी डोक्यावर पदर घेत बाहेर आली. हौसाबाई. पुढे नाव कळलं.

"ताई तं पोळ्याच्या आदीच गेल्या," ती म्हणाली. "साहेबांची बदली झाली. लांब, चंद्रपूरकडं. नवा मानूस आजून आला न्हाई." मग ती मास्तरांकडे बघतच राहिली. "तुमीच का ते? धोंड्यावर बसनारे?"

मास्तरांनी मान हलवली.

"ताईंनी तुमाला पयल्याच साली वळखलं. म्हनल्या, जंगलात इस्त्रीचा शरट घालून दुसरं कोन येनार." हौसाबाई हसली आणि पदरानं डोळे टिपले. "दसरा झाला का त्यांची गडबड. रैवारी पोरीला न्हाऊ घालायच्या, नवा कपडा घालायच्या अन् दिसभर अंगनात बसवायच्या. पोर कट्टाळायची, आत पळायची. की परत भाईर. म्या म्हनलं, ताई, पोरीला उनात कशापायी बसवता? तं म्हनल्या, बसू द्या मावशी. बाबा बघत्यात."

मास्तरांचा आवाज मला ओळखू आला नाही. "मग हाक का न्हाई मारली तिनं?"

"तेबी इचारलं म्या. तं म्हनल्या, त्यांनी येनार न्हाई म्हनून सांगितलंय. हाक मारली अन् उठून गेले तं? मंग फुडल्या साली दिसायचेबी न्हाईत."

ओढ्याचा आवाज येत होता. 

मग हौसाबाईनं दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. "ही बगा तुमची जुई. दर साली उंची मांडायच्या. ही शेवटची जाताना मांडली."

चौकटीवर कोळशाच्या आडव्या रेघा होत्या. एकीवर एक, पाच-सहा. मास्तर पुढे झाले. "जुई," असं एकदा म्हणाले, चव घेतल्यासारखं. गळ्यातली टेप काढली, खाली वाकले आणि उंबऱ्यापासून सगळ्यात वरच्या रेघेपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. पिशवीतला शेवटचा फ्रॉक काढून चौकटीला लावला, रेघेच्या हिशेबानं खांदा कुठं येईल तिथं धरला आणि खालची शिवण कुठं येते ते पाहिलं.

मग त्यांनी मान खाली घालून दाराखालच्या दगडी पायरीकडे पाहिलं. पायरीलाही टेप लावली.

"साडेतीन," ते म्हणाले आणि त्या पायरीवरच बसले. "सर, पायरी धरलीच न्हाई मी."

मला कळलं नाही.

"पोर खाली अंगणात उभी असायची. मी तिचं माप घेतलं दाराच्या कडीवरनं. अंगण पायरीनं खाली हाय, ते त्या धोंड्यावरनं दिसत न्हाई." त्यांनी फ्रॉक मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालायला लागले. "सगळे आखूड झाले. दिले असते तरी एकबी आला नसता तिला."

मी गणित शिकवतो. पण ते साडेतीन इंच मलाही तिन्ही वर्षं दिसले नव्हते.

हौसाबाईनं कोरा चहा आणला. पिशवीत त्यांचा स्टीलचा पेला होता, मी तो काढायला गेलो, तर मास्तरांनी समोरची कपबशी उचलली आणि मुकाट्यानं प्यायले. मग त्यांनी पाचही फ्रॉक एकेक करून हौसाबाईच्या हातात दिले. देताना प्रत्येकाची बटणं ओढून बघितली. "वाडीत कुणाच्या ल्हान पोरींना येत असतील तर द्या. धुताना आपटू नका म्हणावं. जाळी नाजूक हाय."

"ताईंसाठी ठेवू का एक?"

"नको. तिला कळंल, आखूड हाय."

निघताना हौसाबाई धावत घरात गेली आणि देवाच्या फळीवरून घडी केलेला कागद घेऊन आली. "ही चिट्टी ताईंनी ठिवली व्हती माझ्यापाशी. फोनचा लंबर हाय. म्हनल्या, कुनी इचारलं तं द्या. कुनी म्हंजी कोन, ते काय सांगितलं न्हाई."

वाडीत रेंज नव्हती. रस्त्याच्या खिंडीत येते, असं ती म्हणाली. परतीची वाट आम्ही कशी चढलो मला आठवत नाही. मास्तर मध्ये तीनदा थांबले. कागद त्यांनी खिशात ठेवला नव्हता, मुठीत धरला होता. खिंडीत पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. अकोल्याकडे जाणारी जीप वडाखाली उभी होती, ड्रायव्हर सीटा भरायची वाट बघत होता.

"तुमी लावा," मास्तर म्हणाले. कागद घामानं मऊ झाला होता. मी माझ्या फोनवर आकडे दाबले, स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

चार-पाच वेळा वाजला. मग एक बारीक आवाज. "हॅलो? कोण बोलतंय?"

जुई होती.

गल्लीभर माणसांचे खांदे सरळ करत फिरणारे, सुभेदारांना बटणं लावायला लावणारे मास्तर फोनकडे बघत उभे राहिले.

"हॅलो? कोण पाहिजे?"

"मी," ते म्हणाले. "मी भिंगारवरनं."

 मग ती पोर ओरडली, इतकी की जीपमधल्या लोकांनी माना वळवल्या.

"आई! तुझे बाबा!"

भांडं पडल्याचा आवाज आला. धावत येणारी पावलं. आणि धापा टाकणारा एक आवाज. "बाबा?"

मास्तरांनी तोंड उघडलं. ओठ हलले.  त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि वडाच्या बुंध्याला हात टेकून उभे राहिले.

"बाबा? बाबा, बोला ना."

"ताई," मी म्हटलं, "मी त्यांचा शेजारी बोलतोय. मास्तर इथंच आहेत. ऐकतायत. त्यांना जरा..."

"माहितीये," ती म्हणाली. तिचाही आवाज फुटला होता. "राहू दे. नाही बोलले तरी चालेल. तुम्ही फोन तेवढा ठेवू नका."

मी स्पीकर बंद केला, वडापाशी गेलो आणि फोन मास्तरांच्या कानाला लावून धरला. त्यांनी मान किंचित तिकडे कलती केली. ती काय सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, "हं." मग पुन्हा बऱ्याच वेळानं, "हं."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. म्हणाला, येताय का, याच्यानंतर तासभर गाडी नाही.

मी मोकळ्या हातानंच त्याला जायला सांगितलं.